१९९६ ची ब्यूक रोडमास्टर इस्टेट विकणे आहे: काय बदललं, काय तसंच ठेवलं

डॅलस-फोर्ट वर्थ परिसरातल्या आमच्या मराठी ग्राहकांसाठी

ही गाडी इथलीच, आर्लिंग्टनच्या जनरल मोटर्स कारखान्यातली. डिसेंबर १९९६ मध्ये तिथून शेवटची रोडमास्टर बाहेर पडली आणि कारखाना ट्रक आणि एसयूव्हींकडे वळला. मागे लांबलचक सामानाची जागा, पुढे व्ही-८ इंजिन आणि खाली दणकट चासी अशी जुन्या धाटणीची मोठी अमेरिकन स्टेशन वॅगन त्यानंतर बनली नाही.

मॉडिफाय केलेली जुनी गाडी म्हटलं की लोक बिचकतात, आणि बिचकायलाच हवं. आत नेमकं काय बसवलंय ते कळत नाही आणि पुढे पार्टसाठी वणवण होते. म्हणून आम्ही एकच नियम पाळला: जे बदलायचं ते या गाडीच्या सख्ख्या भावंडाचंच घ्यायचं. ते भावंड म्हणजे १९९४ ते ९६ ची शेवरले इम्पाला एसएस. चासी तीच, ५.७ लिटरचं २६० हॉर्सपॉवरचं एलटी-१ इंजिनही तेच. फक्त ती सेडान आणि ही वॅगन.

या गाडीला आता इम्पालाचे १७ इंची व्हील आहेत. दोन्ही गाड्यांचे पाच नट सारख्याच अंतरावर असल्यामुळे मध्ये अडॅप्टर (चाक जुळवून घ्यायची जोडचकती) घालावा लागला नाही. आम्हाला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण दोन टनांहून जड गाडी अडॅप्टरवर पळवणं आम्हाला पटत नाही. मागे मुळात ड्रम ब्रेक होते, तिथे आता डिस्क आहेत. मागच्या अ‍ॅक्सलचं गिअर प्रमाण इम्पालासारखं ३.०८ केलं, त्यामुळे सिग्नलवरून गाडी लगेच उचल घेते. स्पीडोमीटर बरोबर दाखवावा म्हणून इंजिनचा कॉम्प्युटर त्यानुसार पुन्हा प्रोग्राम केला आहे. हायवेवर मूळच्यापेक्षा थोडं पेट्रोल जास्त लागेल. शहरात गॅलनला १५ मैलांच्या आसपासच धरा.

इंजिनच्या आत हात घातलेला नाही. मात्र ऑप्टिस्पार्कबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण या इंजिनाची सगळ्यात नाजूक जागा तीच. ऑप्टिस्पार्क म्हणजे या इंजिनाचा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेळेवर ठिणगी पोचवणारा भाग. तो इंजिनाच्या पुढच्या बाजूला, बरोबर वॉटर पंपाखाली बसवलेला असतो. पंप गळू लागला की कूलंट थेट त्याच्यावर ठिबकतो आणि गाडी मिसफायर करायला लागते. पुढे त्यात हवा खेळती ठेवायची सोय झाली, तरी ठिबकणाऱ्या पाण्यापुढे तिचं फारसं चालत नाही. आम्ही पंप आणि ऑप्टिस्पार्क दोन्ही एकदमच नवीन घातले. पुढेही कोणताही मेकॅनिक नुसता पंप बदलून देतो म्हणाला तर ऐकू नका, एकदा उघडलं की दोन्ही पाहून घ्या. इंजिनखाली कूलंटचा ओघळ दिसला की गाडी लगेच आमच्याकडे आणा.

दोन्ही बाजूंची लाकडी नक्षी खऱ्या लाकडाची नसून व्हिनाइलची आहे, आणि ती आम्ही काढली नाही. काढून एकरंगी करा असं बऱ्याच जणांनी सुचवलं होतं, पण ती नक्षी काढली तर या गाडीचा चेहराच जाईल. छतावरच्या काचेला उन्हासाठी फिल्म लावली आहे. टेक्सासच्या जुलैत तिची किंमत कळते.

मागचा दरवाजा दोन तऱ्हांनी उघडतो: खाली पाडला की फळी होते, बाजूला ओढला की दारासारखा उघडतो. सीट पाडल्या की चार बाय आठ फुटांचा प्लायवूड सपाट मावतो, तेव्हा मंडळाच्या गणपतीची मखर न्यायला दुसरं वाहन नको. आठ माणसं बसतात, पण त्यातल्या दोघांची सीट सगळ्यात मागे, उलट्या तोंडाची आहे. मुलांना ती फार आवडते. तरी चाइल्ड सीट तिथे कधीही लावू नका. ती मधल्या रांगेत पट्ट्यानेच बांधावी लागेल, कारण त्या काळच्या गाड्यांत आजच्यासारखे लॅच हूक नव्हते.

गाडी साडेपाच मीटर, म्हणजे अठरा फुटांहून थोडी जास्त लांब आहे. यायच्या आधी घरच्या गॅरेजची आतली लांबी मोजून घ्या. पाणी तापवायचा टँक आत असेल तर तो वगळून मोजा.

कागदपत्रांचं सोपं आहे. टायटल तुमच्या नावावर करणं आणि ६.२५ टक्के सेल्स टॅक्स भरणं ही कामं आम्ही काउंटीच्या टॅक्स ऑफिसात करून देतो. चोवीस वर्षांपेक्षा जुनी असल्यामुळे डॅलस किंवा टॅरंट काउंटीत धुराची चाचणी लागत नाही. इन्शुरन्स घेताना वर लिहिलेले सगळे बदल कंपनीला सांगा आणि गाडीची किंमत आधी ठरवून घेणारी पॉलिसी मागा, नाहीतर अपघातानंतर एका साध्या जुन्या ब्यूकचे पैसे हातात पडतील.

ही गाडी पुण्याला नेता येईल का, असंही विचारतात. येणार नाही. भारतात वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांच्या आतली आणि उजव्या हाताच्या स्टिअरिंगची लागते.

किंमत आणि प्रत्येक पार्टच्या पावत्या सोबतच्या कागदावर आहेत. काढलेले ड्रम, १५ इंची व्हील आणि जुने गिअर आम्ही जपून ठेवले आहेत, ते गाडीबरोबरच मिळतील. तुमचा स्वतःचा मेकॅनिक घेऊन या, गाडी लिफ्टवर चढवून दाखवू.