कोई तळ्यातील जलगुणवत्ता (नागपूर परिसर)

कोई या शोभिवंत कार्प माशांसाठी परसात, अंगणात किंवा गच्चीवर बांधलेल्या तळ्यातील पाणी वर्षभर निरोगी राखण्याची पद्धती. या विषयावरील बहुतेक लेखन जपान, ब्रिटन व अमेरिकेतील थंड प्रदेशांच्या अनुभवावर आधारलेले असल्याने त्यात हिवाळ्याला मोठे स्थान मिळते. नागपुरात कसोटीचा काळ एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंतचा असतो. मोजमापे तीच असली, तरी त्यांचे महत्त्व येथे वेगळ्या क्रमाने ठरते.

मूळ व वर्गीकरण : जपानच्या नीगाता प्रांतातील यामाकोशी-ओजिया या डोंगराळ भागात भातशेतकरी खाण्यासाठी कार्प पाळत. त्यांच्या तळ्यांत रंगीत पिल्ले एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दिसू लागली, असे सर्वसाधारणपणे मानतात. काही लेखक हा काळ १८०४ ते १८३० असा सांगतात. १९१४ मध्ये टोकियोतील प्रदर्शनात हे मासे मांडले गेल्यावर त्यांची कीर्ती नीगाताबाहेर पसरली. जुन्या ग्रंथांत कोईचा समावेश सायप्रिनस कार्पिओ या जातीत केलेला आढळतो. अलीकडचे बरेच वर्गीकरणकार पूर्व आशियाई कार्पला सायप्रिनस रुब्रोफस्कस ही स्वतंत्र जाती मानतात व तेच मत अधिक ग्राह्य वाटते. तथापि, विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन आरसा-कार्पशी संकर करून ‘डॉइत्सु’ वाण तयार झाले, त्यांना कोणत्याही एका नावात चपखल बसवणे कठीण आहे. भारतात कार्पचा जर्मन प्रकार १९३९ मध्ये श्रीलंकेतून निलगिरीत व आशियाई प्रकार १९५७ मध्ये बँकॉकहून कटकला आणला गेला. पुढे तो देशभरच्या तलावांत पसरला.

या वादाचा पाण्याशी संबंध आहे तो असा : तलावातला ‘सायप्रिनस’ गढूळ, कमी प्राणवायूच्या पाण्यातही तग धरतो, हे मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाला चांगले ठाऊक आहे. यावरून कोईही तितकाच काटक असणार असे गृहीत धरले जाते. तलावात एका माशाच्या वाट्याला जेवढे पाणी येते त्याचा लहानसा अंशही परसातल्या तळ्यात येत नाही, त्यामुळे हे अनुमान फसवे आहे.

पाण्याचे स्रोत : शहराला नळाचे पाणी मुख्यतः पेंच प्रकल्पातून व कन्हान नदीतून मिळते. ते क्लोरिनयुक्त असते. भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) नळाच्या टोकाशी मुक्त क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावा लागतो. पिणाऱ्याला निर्धोक असलेली ही मात्रा माशांच्या कल्ल्यांना व फिल्टरमधील जिवाणूंना सोसत नाही. उपाय म्हणून दुकानांत ‘अँटी-क्लोरीन’ नावाने मिळणारे द्रव्य बहुधा सोडियम थायोसल्फेट, म्हणजे छायाचित्रकारांचा हायपो, असते. १ मिलिग्रॅम क्लोरिनला सुमारे ७ मिलिग्रॅम हायपो व्यवहारात पुरेसा होतो.

विहिरी व बोअरच्या पाण्याचा स्वभाव मोहल्ल्यागणिक बदलतो, कारण नागपूर भूशास्त्रीय सीमेवर वसले आहे : पश्चिमेस दख्खनचा काळा पाषाण, पूर्वेकडे आद्य पट्टिताश्म (नाइस) आणि उत्तरेस कामठीचा वालुकाश्म. काळ्या पाषाणातील पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या बायकार्बोनेटांमुळे सहसा जड असते. पिण्याच्या पाण्यासाठी कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरमागे २०० व कमाल ६०० मिलिग्रॅम आहे. कोई यांतील बराच पल्ला सहन करतो. बोअरच्या पाण्यात नायट्रेट मुळातच असू शकते. जिल्ह्यातील अनेक विहिरींत ते ४५ मिलिग्रॅमच्या पेयजल-मर्यादेपलीकडे आढळले आहे. अशा पाण्याने ‘पाणी बदलले’ तरी नायट्रेट उतरत नाही, म्हणून तळे बांधण्यापूर्वीच बोअरचे पाणी तपासून घेणे शहाणपणाचे.

नत्रचक्र : मासे नत्रयुक्त टाकाऊ द्रव्य मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात टाकतात. फिल्टरमधील सूक्ष्मजीव त्याचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात. ही क्रिया सजीवांकडून घडते, हे श्लोझिंग व म्युन्ट्स यांनी १८७७ मध्ये दाखवले; ती घडवणारे जिवाणू व्हिनोग्राडस्की यांनी १८९० च्या सुमारास वेगळे केले. तेव्हापासून शतकभर पाठ्यपुस्तकांत पहिल्या टप्प्यासाठी नायट्रोसोमोनास व दुसऱ्यासाठी नायट्रोबॅक्टर ही जोडी ठरून गेली. १९९० च्या दशकात मात्र गोड्या पाण्याच्या मत्स्यालयांतील जनुकीय पाहणीत नायट्रोबॅक्टर जवळपास सापडेना. दुसऱ्या टप्प्याचे काम तेथे मुख्यतः नायट्रोस्पायरा करत असल्याचे दिसले. २००५ मध्ये सिॲटलच्या मत्स्यालयातील खाऱ्या टाकीतून अमोनियाचे ऑक्सिडीकरण करणारा आर्किया या, जिवाणूंहून निराळ्या, गटातील सूक्ष्मजीव वेगळा करण्यात आला, त्यामुळे पहिला टप्पाही केवळ जिवाणूंचा राहिला नाही. २०१५ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणारे नायट्रोस्पायरा प्रकाशात आणले. त्यांपैकी एका गटाचा नमुना बंदिस्त मत्स्यपालन संचाच्या फिल्टरमधून आलेला होता.

कोणत्या तळ्यात या मंडळींपैकी कोणाचे प्राबल्य असते, यावर एकमत नाही. अमोनिया अल्प असलेल्या जुन्या, मुरलेल्या फिल्टरमध्ये नायट्रोस्पायरा व आर्किया, तर नव्या व भरगच्च खाद्य पडणाऱ्या तळ्यांत नायट्रोसोमोनास वरचढ, ही मांडणी सध्या अधिक पटणारी आहे. व्यवहारात याचा परिणाम असा, की नायट्रोबॅक्टरचे नाव लावून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांवर फार भरवसा ठेवू नये. एखाद्या निरोगी तळ्यातील फिल्टरची जुनी, मळकट चटई (जिला विक्रेते जपानी मॅट म्हणतात) नव्या फिल्टरमध्ये ठेवणे अधिक उपयोगी ठरते. त्या चटईसोबत परजीवीही येऊ शकतात, एवढी जोखीम त्यात आहे. उष्ण पाण्यात फिल्टर साधारण तीन ते सहा आठवड्यांत मुरतो. तोवर मासे थोडे व खाद्य त्याहून थोडे. चटया नळाच्या धारेखाली धुतल्या तर क्लोरिनमुळे ही सारी वसाहत मरते. म्हणून त्या तळ्याच्याच पाण्यात बादलीत हिसळून काढतात.

मधला टप्पा, नायट्राइट, रक्तातील हिमोग्लोबिन निकामी करून ते तपकिरी पाडतो; प्राणवायू भरपूर असूनही मासा गुदमरतो. पाण्यातील क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून शिरू देत नाही, म्हणून हजार लिटरला एक किलो खडेमीठ हा प्रथमोपचार मानतात. ते पाणी पुढे संत्र्याच्या झाडाला घालू नये. लिंबूवर्गीय झाडे क्षाराला हळवी असतात. एरवी तळ्यातून काढलेले नायट्रेटयुक्त पाणी बागेला चांगले मानवते.

अमोनिया व उष्मा : चाचणी संचाने दिसतो तो एकूण अमोनिया. त्यातील विषारी भाग म्हणजे आयनरहित अमोनिया, आणि त्याचे प्रमाण पीएच (पाण्याच्या आम्ल-अल्कपणाचे माप) व तापमानावर ठरते. पीएच ८ असताना २० अंश से.ला तो सुमारे ४ टक्के, ३० अंशांना सुमारे ७.५ टक्के असतो. ३० अंशांनाच पीएच ८.५ झाला की २० टक्क्यांवर जातो. म्हणजे इंग्लंडच्या तळ्यात निभावून जाणारा आकडा नागपुरात मे महिन्यात दुपटीने ते पाचपटीने घातक ठरू शकतो. दीर्घकाळासाठी लिटरमागे ०.०२ ते ०.०५ मिलिग्रॅम आयनरहित अमोनिया ही मर्यादा हस्तपुस्तिकांत आढळते. यांतील खालचा आकडा धरणे बरे. शेवाळ उन्हात कार्बन डायऑक्साइड ओढून घेते, त्यामुळे पीएच दुपारी चढतो. सकाळी तपासणी करून निश्चिंत होणाऱ्यांना हे कळत नाही. अमोनिया व पीएच दुपारी चारच्या सुमारास मोजावेत.

प्राणवायूचे उलट आहे. तो पहाटे सर्वांत कमी असतो, कारण रात्रभर मासे, शेवाळ व फिल्टर सगळेच तो खर्च करत असतात. समुद्रसपाटीला पाण्यात २० अंशांना लिटरमागे ९.१, तर ३० अंशांना केवळ ७.६ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो; सुमारे ३१० मीटर उंचीवरील नागपुरात त्याहून तीन-चार टक्के कमी. २३ मे २०१३ रोजी शहरात ४७.९ अंश तापमान नोंदले गेले. अशा उष्म्यात, विशेषतः नवतप्यात (मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत), रात्रीही पाणी फारसे निवत नाही. उजाडता उजाडता मासे धबधब्याच्या किंवा नळाच्या धारेखाली गोळा होतात, तोंड पाण्याच्या रेषेवर आणून भराभर उघडझाप करतात, कल्ल्यांची झाकणे फाकतात. थोरले मासे आधी वर येतात. यावर पंपाने पाणी ढवळत ठेवणे हाच उपाय. वीज गेल्यास निदान एअर पंप तरी इन्व्हर्टरवर चालावा. तळ्यावर पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट व किमान सव्वा मीटर खोली असल्यास तापमानाची चढउतार बरीच आटोक्यात राहते. गच्चीवरच्या उथळ टाक्यांत कोई ठेवणे नागपुरात टाळलेलेच चांगले.

बाष्पीभवन : उन्हाळ्यात उघड्या पाण्याची पातळी दिवसाला सेंटिमीटरभर सहज उतरते. वाफ होऊन जाते ते पाणी. क्षार मागेच राहतात. कूलरच्या जाळीवर मे अखेरीस जमणारा पांढरा थर तळ्यातही, फक्त न दिसता, साठत असतो. मीटरभर खोल तळ्यात दोन महिने रोज सेंटिमीटरभर भरणी केली, तर क्षार सुमारे दीडपटीहून अधिक होतात. भरणी म्हणजे पाणी बदलणे नव्हे : आठवड्याला दहा ते वीस टक्के पाणी तळातून काढून मगच नवे घालावे. कूलरच्या टाकीतले उरलेले पाणी तळ्यात ओतण्याची काटकसर तर अगदीच उलटी.

क्षारता व पीएच : क्षारता म्हणजे पाण्यातील एकूण क्षार नव्हेत, तर आम्ल शोषून पीएच स्थिर ठेवण्याची पाण्याची क्षमता. नायट्रीकरणात (अमोनियाचे नायट्रेट होताना) १ ग्रॅम अमोनिया-नत्रामागे सुमारे ७.१ ग्रॅम क्षारता (कॅल्शियम कार्बोनेटच्या मापाने) व ४.६ ग्रॅम प्राणवायू खर्ची पडतो. रोजच्या शंभर ग्रॅम खाद्यातून सुमारे ३ ग्रॅम अमोनिया-नत्र तयार होते असे धरले, तर पाच हजार लिटरच्या तळ्यात दररोज लिटरमागे चार-साडेचार मिलिग्रॅम क्षारता घटते. दीडशे मिलिग्रॅमचा साठा पाणी न बदलता जेमतेम पाच आठवडे पुरेल. तो संपला की पीएच एकाएकी कोसळतो. छंदी लोक पीएचवर नजर ठेवतात आणि क्षारता मोजत नाहीत. प्रस्तुत नोंदीच्या मते क्रम उलटा हवा. क्षारता ८० मिलिग्रॅमखाली जाऊ लागल्यास खाण्याचा सोडा विरघळवून थोडाथोडा घालतात. वरील उदाहरणात दिवसाची तूट भरून काढायला ३५ ग्रॅमच्या आसपास सोडा लागेल. धुण्याचा सोडा चालत नाही, त्याने पीएच झपाट्याने चढतो. मत्स्यशेतीच्या तलावात टाकतात तसा चुनाही याच कारणाने येथे वर्ज्य. गढूळ पाण्यात तुरटी फिरवण्याची घरगुती रीत क्षारता खाते, तेव्हा तीही नको. नव्या सिमेंटच्या तळ्यातून चुना सुटत राहतो. ते अनेकदा भरून रिकामे केल्याशिवाय किंवा आतून लेप दिल्याशिवाय मासे सोडत नाहीत.

जड पाण्यात माशाचा काळा रंग गडद होतो व मृदू पाण्यात लाल रंग खुलतो, असे जपानी पैदासकार सांगतात. आनुवंशिकता, खाद्य व ऊन यांचा वाटा त्यातून वेगळा काढलेला नसल्याने यासाठी पाणी मुद्दाम मृदू करण्याचे कारण दिसत नाही.

पावसाळा व हिवाळा : झडीच्या दिवसांत छपराचे पाणी थेट तळ्यात आल्यास क्षारता पातळ होते आणि अंगणातील काळी माती वाहून येते. तळ्याचा काठ जमिनीपासून वीतभर उंच असावा. घरच्या घरी विसर्जनाची पद्धत वाढल्यापासून शाडूची मूर्ती कोई तळ्यात सोडण्याचा मोह होतो. माती कल्ल्यांत व फिल्टरमध्ये बसते, म्हणून त्यासाठी वेगळी बादली वापरावी. पाणी हिरवे होणे हा दोष बहुतांशी डोळ्यांना खटकणारा. अतिनील दिव्याने तो जातो, मात्र त्या दिव्याने अमोनिया कमी होत नाही.

हिवाळा सौम्य. २९ डिसेंबर २०१८ रोजी हवेचे तापमान ३.५ अंशांवर आले होते, तरी खोल तळ्याचे पाणी त्यामानाने सावकाश निवते. पाणी पंधरा अंशांच्या खाली गेल्यास खाद्य कमी करतात. तीस अंशांच्या वरही तेच करावे, हे पाकिटावरील तक्त्यांत क्वचित छापलेले असते.

रोग : खराब पाण्याने दुबळ्या झालेल्या माशांवर पांढरे ठिपके, माशांच्या उवा व नांगरकृमी यांचा उपद्रव होतो; मासा भिंतीला अंग घासू लागला, तर औषधाआधी पाणी तपासावे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ओळखला गेलेला कोई हर्पिस विषाणू साधारण १६ ते २८ अंशांत रोग घडवतो, म्हणजे नागपुरात तो हिवाळ्यात संभवतो. उन्हाळ्यात आणलेला मासा ठणठणीत दिसला तरी वाहक असू शकतो; नवे मासे त्या तापमानकक्षेत किमान तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवणे इष्ट. त्या टाकीची जाळी व बादलीही वेगळी लागते. नको झालेले कोई अंबाझरी, फुटाळा यांसारख्या तलावांत सोडू नयेत : कार्प तळ उकरून पाणी गढूळ करतो, आणि तलावातील कार्पला या विषाणूची लागण होऊ शकते.