ओपिऑइडची सवय झालेलं शरीर आणि ओपिऑइडचं व्यसन

मॉर्फिन, ट्रॅमाडॉल, फेंटानिल, हेरॉइन ही सगळी ओपिऑइड, म्हणजे अफूसारखा परिणाम करणाऱ्या वेदनाशामक आणि नशेच्या द्रव्यांच्या एकाच कुळातली, हे बहुतेकांना ठाऊक असतं. दिवसेंदिवस डोस वाढवावा लागतो, हेही. हे रुग्णाच्या बाबतीतही घडतं आणि व्यसनी माणसाच्याही, म्हणून त्यावरून काही ठरत नाही.

घोळ होतो तो औषध थांबल्यावर. नाक गळतं, जांभया येतात, अंगावर काटा उभा राहतो, पोटात मुरडा येतो, झोप उडते. हे पाहिलं की लोक लगेच म्हणतात, "व्यसन लागलं." साफ चूक! काही आठवडे रोज ओपिऑइड घेतलं तर कुणाचंही शरीर त्याला सरावतं. कर्करोगाच्या वेदनेसाठी नेमून दिलेलं मॉर्फिन घेणाऱ्याचं सरावतं, गर्भात औषध पोचलेल्या तान्ह्या बाळाचंही. त्या बाळाला व्यसनी म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. व्यसन ओळखायचं ते वागण्यावरून: आतून अनावर ओढ, घेण्यावर ताबा नसणं, नोकरी गेली, घर मोडलं तरी न थांबणं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या औषधाची नुसती सवय व्यसनाच्या निदानात धरायची नाही, असं २०१३ च्या डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानासाठीच्या अमेरिकी पुस्तिकेत स्पष्ट म्हटलं आहे.

हा फरक न कळल्याची किंमत लहान गावांत जास्त मोजावी लागते. तिथे दवाखाना एक, औषधाचं दुकान एक. एकदा शिक्का बसला की माणूस तिकडे फिरकतच नाही. वेदनेच्या रुग्णाची गोळी एकदम बंद केली जाते. खरं तर ती हळूहळू उतरवायची असते.

मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन या व्यसनावरच्या उपचारात देतात त्या ओपिऑइड औषधांना "एक व्यसन सोडून दुसरं" म्हणणं हीसुद्धा तीच गल्लत. शरीराची सवय राहते, पण ओढ शमते, माणूस कामाला लागतो, मृत्यूचा धोका बराच घटतो. २००५ पासून ही दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत.

आणि 'आठ दिवस कोंडून ठेवलं, सुटलं' या समजुतीवर तर अजिबात विसंबू नका. त्या दिवसांत सुटते ती सवय, व्यसन तसंच राहतं. सहनशक्ती मात्र उतरलेली असते, म्हणून पूर्वी पचणारा डोस आता श्वास थांबवतो. अशा घरात नॅलॉक्सोन, म्हणजे ओपिऑइडच्या अतिडोसावरचा उतारा, हाताशी हवं, आणि ते द्यायचं कसं हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं.