लेखाशास्त्रातील पीएच.डी. (कोल्हापूर)

हिशेबलेखन, परिव्यय (उत्पादनखर्चाचा हिशेब), लेखापरीक्षण व करविषयक प्रश्न यांवरील स्वतंत्र संशोधनासाठी मिळणारी विद्यापीठीय पदवी. मराठी पर्याय विद्यावाचस्पती. कोल्हापुरात ती शिवाजी विद्यापीठाच्या (स्थापना १९६२) वाणिज्य व व्यवस्थापन विद्याशाखेच्या कक्षेत येते. लेखाशास्त्र ही वाणिज्याचीच शाखा धरली जात असल्याने प्रबंध लेखाशास्त्राचा आहे की नाही, हे बहुधा त्याच्या शीर्षकावरूनच ठरवावे लागते. सनदी लेखापाल (सी.ए.) ही मात्र १९४९ च्या कायद्याखालील व्यावसायिक पात्रता असून ती संशोधनाची पदवी नव्हे. २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने तिला पदव्युत्तर पदवीशी समकक्ष मानले.

लेखाशास्त्रातील पहिली डॉक्टरेट कोणती, याचे उत्तर ‘लेखाशास्त्रातील’ या शब्दाच्या अर्थावर अवलंबून आहे. अमेरिकेत विल्यम पेटन यांनी मिशिगन विद्यापीठात १९१७ च्या सुमारास हिशेबाच्या सिद्धांतावर प्रबंध लिहिला, पण पदवी अर्थशास्त्राची होती. लेखाशास्त्र असे नाव असलेली पदवी १९३० च्या दशकाच्या अखेरीस इलिनॉय विद्यापीठाने दिली, असे सामान्यतः मानतात. तेथील अभ्यासक्रमाच्या जडणघडणीत ए. सी. लिटलटन यांचा मोठा वाटा होता. नावापेक्षा विषय महत्त्वाचा मानल्यास पेटन यांचा दावा अधिक ग्राह्य वाटतो. भारतात वाणिज्य शिक्षणाची पायाभरणी मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयाने (१९१३) केली.

खुद्द विषयाच्या उगमाचा वाद याहून जुना. द्विनोंदी पद्धतीचे (प्रत्येक व्यवहार एका खात्याला नावे व दुसऱ्याला जमा असा दोनदा नोंदण्याच्या पद्धतीचे) पहिले छापील विवेचन इटालियन गणितज्ञ लुका पाचोली यांचे (व्हेनिस, १४९४), याबद्दल दुमत नाही. मात्र तिचे नमुने इटलीत त्याआधीच, सुमारे १३०० पासून आढळतात. लेखाशास्त्राचे अभ्यासक बी. एम. लाल निगम यांनी १९८६ मध्ये भारतीय बहीखाते (देशी व्यापाऱ्यांची हिशेबपद्धती) पाचोलीपूर्व द्विनोंदी पद्धतीचे असल्याचे प्रतिपादन केले. ब्रिटिश अभ्यासक ख्रिस्तोफर नोब्स यांनी पुढच्याच वर्षी त्याला हरकत घेतली: तेवढ्या जुन्या वह्यांचा पुरावा पुढे आलेला नाही. नोब्स यांची हरकत पुराव्यापुरती रास्त दिसते. पद्धतीच्या तर्काविषयी मात्र त्यामुळे काही ठरत नाही. कौटिलीय अर्थशास्त्रातील अक्षपटल (राज्याचे हिशेबखाते) प्रकरणात ३५४ अहोरात्रांचे, आषाढी पौर्णिमेला संपणारे हिशेबवर्ष सांगितले आहे, परंतु त्यावरून द्विनोंद सिद्ध होत नाही.

देशी पद्धतीचा तर्क कोल्हापूरकराला पोथीत शोधावा लागत नाही. गुळाच्या पेढीवरची किंवा गावच्या सेवा सोसायटीची रोजकीर्द (रोजच्या रोकड व्यवहारांची वही) उघडली की डावीकडे जमा (आलेली रक्कम) व उजवीकडे नावे (गेलेली रक्कम) दिसते. महाविद्यालयात ‘डेबिट (म्हणजे नावे) डावीकडे’ असे घोकून आलेला विद्यार्थी येथे हमखास गोंधळतो. वस्तुतः विरोध नाही. कीर्द हेच रोकडीचे खाते असते; डावीकडची रक्कम रोकडीला नावे व देणाऱ्याच्या खात्याला जमा असा दुहेरी परिणाम करते, फक्त दुसरी बाजू वेगळी लिहिली जात नाही. दिवसाअखेर श्री शिल्लक (हातातील रोकड) जुळली की काम झाले. पुढे खतावणी (खातेवार नोंद), तेरीज (खात्यांच्या शिलकांचा गोषवारा) व ताळेबंद हा क्रम दोन्हीकडे सारखाच. जुन्या वह्या मोडी लिपीत असल्याने त्यांवर काम करणाऱ्याला लेखाशास्त्राआधी मोडी शिकावी लागते. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात संस्थानकालीन मोडी दप्तर आहे; वाणिज्याचे संशोधक तिकडे क्वचितच वळतात.

या भागात संशोधनाला सर्वाधिक सामग्री सहकाराने पुरविली आहे. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमातील कलम ८१ नुसार होणारे लेखापरीक्षण व त्यातून मिळणारा अ, ब, क, ड वर्ग, तसेच दूध संघ व पतसंस्था यांचे ताळेबंद ही नेहमीची क्षेत्रे. साखर कारखान्यांचा परिव्यय हा त्यांतील सर्वांत कठीण प्रश्न. एकाच उसातून साखर, मळी, बगॅस (उसाचा चोथा) व प्रेसमड (रस गाळून उरणारा गाळ) निघतात. उसाच्या किमतीतला किती भाग कोणावर टाकायचा, याला एकच बिनतोड उत्तर नाही. साखर उद्योगाविषयीच्या रंगराजन समितीने (२०१२) उसाचा दर साखर व उपपदार्थांच्या मिळून उत्पन्नाच्या ७० टक्के, किंवा नुसत्या साखरेच्या उत्पन्नाच्या ७५ टक्के धरावा असे सुचविले. उपपदार्थ धरणारे सूत्र वापरल्यास बगॅस कारखान्याच्याच सहवीजनिर्मितीला (बगॅस जाळून वीज करणाऱ्या प्रकल्पाला) कोणत्या भावाने दिला, ही नोंद थेट शेतकऱ्याच्या बिलापर्यंत पोचते. ‘आर्थिक कामगिरीचा चिकित्सक अभ्यास’ या ठरीव शीर्षकाखाली गुणोत्तरांचे तक्ते मांडणारे प्रबंध पुष्कळ होतात. परिव्ययाच्या या प्रश्नाला हात घालणारे त्या मानाने थोडे.

पीएच.डी.ची सध्याची प्रक्रिया विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांवर आधारलेली आहे. सर्वसाधारणपणे पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के गुण (राखीव प्रवर्गांना ५ टक्के सूट), प्रवेश परीक्षा व मुलाखत, किमान १२ श्रेयांकांचे कोर्सवर्क, मग आराखड्यास मान्यता. २०२४ पासून ‘नेट’ या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे गुणही प्रवेशासाठी धरता येतात. मुदत किमान तीन व कमाल सहा वर्षे. ती वाढवून मिळू शकते, महिलांना अधिक. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा व सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात आणि निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या मार्गदर्शकाला नवा विद्यार्थी घेता येत नाही. गाईड मिळत नाही, या तक्रारीचे एक मूळ येथे आहे. नोकरी सांभाळून अर्धवेळ संशोधन करणाऱ्यास संस्थेचे ना-हरकत पत्र लागते. शोधनिबंध छापण्याची देशव्यापी सक्ती २०२२ मध्ये गेली. पीएच.डी.आधीची एम.फिल. ही पायरीही तेव्हाच बंद झाली.

प्रबंध किमान दोन बाह्य परीक्षकांकडे जातो व नंतर खुली मौखिक परीक्षा होते. वाङ्मयचौर्याविषयीच्या २०१८ च्या विनियमांत १० टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडनीय नाही. मान्य प्रबंधाची अंकीय प्रत ‘शोधगंगा’ या राष्ट्रीय भांडारात ठेवली जाते.