सलग चार तास मिळाले तरच अभ्यास होतो?

कॉलेज, प्रॅक्टिकल, वर संध्याकाळची नोकरी. मग ‘सलग चार तास मिळाल्याशिवाय अभ्यास होत नाही’ म्हणत नागपुरातली कितीतरी मुलं रविवारची वाट बघतात. हा समज चुकीचा आहे.

एका बैठकीत धडा तीनदा वाचला की तो ओळखीचा वाटतो, पण ओळखीचं म्हणजे पाठ नव्हे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगात पाच मिनिटांनंतर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या जास्त लक्षात राहिलं.

म्हणून एक मुद्दा 25 मिनिटं वाचा, पुस्तक मिटा, कोऱ्या पानावर 10 मिनिटं आठवेल ते लिहा. सुटलेलं लाल पेनानं भरा. दुसऱ्या दिवशी लोकमान्य नगरहून सीताबर्डीला येताना मेट्रोत तेवढं लाल पेनानं लिहिलेलंच आठवा. पुन्हा चार-पाच दिवसांनी. अडलं की लगेच वही उघडू नका, अर्धं मिनिट डोक्याला ताण द्या. खरा फायदा तिथेच होतो.

गणिताची लांब उदाहरणं, ड्रॉइंग यांना मात्र सलग तास-दीड तास हवाच. उन्हाळी परीक्षेच्या दिवसांत तो सकाळीच काढा, खोली तापायच्या आत.