लेसरआधी कॉर्नियाची ताकद का तपासतो?

चष्म्याचा नंबर घालवायला येणारे बहुतेकजण आधी एकच विचारतात : "माझा कॉर्निया पुरेसा जाड आहे ना?" प्रश्न रास्त आहे, पण अर्धाच आहे. जाड कॉर्निया मजबूत असेलच असं नाही, आणि पातळ कॉर्निया कमकुवतच असतो असंही नाही. म्हणून जाडी मोजून झाल्यावरही आमच्या तपासण्या संपत नाहीत. कधी कधी तर जाडी उत्तम असूनही आम्ही "लेसर नको" म्हणतो. असं का, ते समजावं म्हणून हे पत्रक.

कॉर्निया म्हणजे डोळ्याच्या अगदी पुढचा पारदर्शक पडदा. डोळ्यात शिरणारा प्रकाश वळवण्याचं सुमारे दोन तृतीयांश काम तोच करतो. मध्यभागी त्याची जाडी सरासरी 540 मायक्रॉन, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर. डोळ्यातला दाब त्याला आतून सतत बाहेर ढकलत असतो, तरी तो आपला आकार सोडत नाही. ही ताकद येते स्ट्रोमामधून. कॉर्नियाचा सुमारे 90 टक्के भाग म्हणजे हा स्ट्रोमा, कोलॅजन तंतूंच्या शेकडो पातळ थरांचा. पुढच्या बाजूला हे थर चटईच्या विणीसारखे एकमेकांत गुंतलेले असतात. मागे गेलं की ते नुसते एकावर एक असतात आणि पकड सैल होते. लॅसिक म्हणजे कॉर्नियाचा थोडा भाग लेसरने काढून नंबर घालवायची शस्त्रक्रिया. तिच्यात लेसर चालतो तो नेमका या पुढच्या, मजबूत भागावर.

आता प्रत्यक्ष हिशेब पाहू. समजा, जाडी 510 मायक्रॉन आणि नंबर उणे 6 आहे. साडेसहा मिलिमीटर रुंदीचा भाग दुरुस्त करायचा तर एका नंबरमागे साधारण 15 मायक्रॉन, म्हणजे एकूण 90 मायक्रॉन काढावे लागतात. लॅसिकसाठी आधी वरचा पापुद्रा, म्हणजे फ्लॅप, उचलावा लागतो. तो 110 मायक्रॉनचा धरू. खाली उरले 310. किमान 250 उरावेत हा जुना नियम, आज बरेच सर्जन 300 चा आग्रह धरतात. म्हणजे इथे पास. पण फ्लॅप परत बसवला तरी कॉर्नियाला पूर्वीसारखा आधार देत नाही. त्यामुळे तोही गेलेल्यात धरला तर 510 पैकी 200, म्हणजे 39 टक्के जाडी कामातून गेली. 40 टक्क्यांच्या पुढे धोका वाढतो असं मानलं जातं, आणि आपण अगदी काठावर आहोत. याच डोळ्यावर पीआरके, म्हणजे लेसरचीच दुसरी पद्धत, वापरली तर फ्लॅप नाही. वरची 50 मायक्रॉनची त्वचा काढून लेसर देतात, आणि ती काही दिवसांत पुन्हा येते. तिच्यासकट हिशेब 27 टक्क्यांवर येतो. पहिले काही दिवस दुखतं आणि नजर हळूहळू स्थिरावते, हे खरं. तरी अशा डोळ्याला आमचा कौल पीआरकेलाच असतो.

मग नंबर उणे 3 आणि जाडी 560 असेल तर काळजीच नको? तसं नाही. आकड्यांत तो डोळा सहज बसतो, पण त्याची वीणच मुळात सैल असेल, तर थोडं काढलेलंही त्याला सोसत नाही. कॉर्निया हळूहळू पुढे फुगू लागतो. याला एक्टेशिया म्हणतात. लॅसिकनंतरच्या एक्टेशियाचं पहिलं वर्णन 1998 मध्ये थिओ झायलर यांनी केलं. गेलेला नंबर परत येतो, सिलिंडरचा नंबर वाढत जातो, अक्षरांना सावली दिसते. आणि हे शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनीही सुरू होऊ शकतं. रायबोफ्लेविनचे थेंब आणि अतिनील किरण वापरून कॉर्निया कडक करण्याच्या उपचाराने, म्हणजे क्रॉसलिंकिंगने, ते बहुतेक वेळा थांबवता येतं, पण बिघडलेला आकार पूर्ववत होत नाही. म्हणून सारा भर आधीच्या तपासणीवर.

त्यासाठी डोळ्यावर हवेचा एक छोटा झोत सोडतात. दुखत नाही, फक्त दचकायला होतं. झोताने कॉर्निया क्षणभर सपाट होतो, आत दबतो आणि परत येताना पुन्हा एकदा सपाट होतो. यंत्रातला कॅमेरा सेकंदाला चार हजारांहून अधिक चित्रं या वेगाने हे सगळं टिपतो. कॉर्निया किती खोल दबला, किती वेगाने परतला, यावरून त्याचा कडकपणा कळतो. डोळ्यातला दाब आणि जाडी यांचाही या आकड्यांवर परिणाम होतो, त्यामुळे ते लक्षात घेऊनच अर्थ लावावा लागतो. एका आकड्यावर आम्ही निर्णय देत नाही. कॉर्नियाच्या पुढच्या-मागच्या पृष्ठभागांचा नकाशा, वरच्या त्वचेची जाडी आणि तुमचं वय यांच्या शेजारी तो ठेवून पाहतो. वयाबरोबर कॉर्निया कडक होत जातो, म्हणून विशीतल्या डोळ्याबाबत आम्ही जास्त सावध असतो. इतकं करूनही धोका शून्यावर येत नाही, कमी होतो.

लेसर योग्य नसेल तर अनेकांना डोळ्याच्या आत बसवायच्या लेन्सचा पर्याय असतो. त्यात कॉर्निया पातळ करावा लागत नाही. त्याचे निकष वेगळे आहेत, ते भेटीत सांगू.

तपासणीला येण्याआधी सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स एक ते दोन आठवडे आणि कडक लेन्स तीन ते चार आठवडे बंद ठेवा. लेन्सने कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो आणि नकाशा चुकीचा येतो. डोळे जोरजोरात चोळायची सवय असेल, किंवा घरात कुणाला केराटोकोनस (कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याचा आजार) असेल, तर न विचारताही सांगा. डोळे चोळणं किरकोळ वाटतं, पण कमकुवत कॉर्नियाला ते फार महागात पडतं.

शस्त्रक्रिया झाली तर आधीच्या तपासण्यांचे सगळे कागद जपून ठेवा. लेसरनंतर कॉर्निया पातळ झाल्यामुळे डोळ्याचा दाब मोजताना खऱ्यापेक्षा कमी दिसतो आणि काचबिंदू नजरेतून सुटू शकतो. पुढे मोतीबिंदू झाला तर लेन्सचा नंबर ठरवतानाही हेच जुने आकडे उपयोगी पडतात. कुठल्याही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलात तरी लेसर झालं आहे हे आधी सांगा.