हॉन्स मिलची विहीर (मिसुरी, अमेरिका)

हॉन्स मिल म्हणजे मिसुरी राज्यातल्या कॉल्डवेल काउंटीत शोल क्रीक नावाच्या ओढ्याकाठी जेकब हॉन या माणसाने टाकलेली पाणचक्की आणि तिच्याभोवती वसलेली मॉर्मन या अमेरिकेतच निघालेल्या नव्या पंथाच्या लोकांची छोटी वस्ती. (इंग्रजीत आडनावाच्या स्पेलिंगवरून अजून वाद चालतो, जुनं वेगळं नि आता बरोबर मानलेलं वेगळं, देवनागरीत दोन्ही हॉनच.) १८३८ च्या हत्याकांडात मेलेल्या बहुतेकांचं दफन इथल्या अर्धवट खणलेल्या विहिरीत झालं, म्हणजे वस्तीचं कब्रस्तान म्हणायचं तर ती विहीरच.

मिसुरी तेव्हा अमेरिकेच्या पश्चिम सीमेवरचं राज्य. मॉर्मन मंडळी घोळक्याने येऊन जमिनी घेत होती, एकगठ्ठा मतं देत होती, त्यांचा संदेष्टा वेगळा नि धर्मग्रंथही जादाचा, त्यामुळे आधीपासून राहणाऱ्यांशी खटके उडायचेच. कॉल्डवेल काउंटी तर १८३६ मध्ये त्यांच्यासाठीच वेगळी काढून दिलेली, फार वेस्ट हे तिचं मुख्य गाव. १८३८ च्या ऑगस्टमध्ये निवडणुकीच्या दिवशी हाणामारी झाली, मग दोन्ही बाजूंनी जाळपोळ, आणि २७ ऑक्टोबरला गव्हर्नर लिलबर्न बॉग्जने हुकूम काढला की मॉर्मनांना संपवा नाहीतर राज्याबाहेर हाकला. तीन दिवसांनी, ३० ऑक्टोबरला दुपारी उशिरा, साधारण २४० घोडेस्वार हॉन्स मिलवर चालून आले. तो हुकूम त्यांच्या हातात तोवर पडला नसावा असं बरेच इतिहासकार म्हणतात, पण मेलेल्यांना त्याने काय फरक पडतो.

बायका-पोरं ओढा ओलांडून झाडीत पळाली, पुरुष लोहारखान्यात शिरले आणि तिथेच घात झाला, कारण ओंडक्यांच्या भिंतींना मोठमोठ्या फटी होत्या आणि हल्लेखोरांनी त्या फटींतूनच बंदुका चालवल्या. एकूण १७ जण गेले. म्हातारे थॉमस मॅकब्राइड शरण आलेले असताना त्यांना मका कापायच्या कोयत्याने तोडलं. १० वर्षांचा सार्डियस स्मिथ भात्याखाली लपला होता, त्याला ओढून काढून गोळी घातली, लिखा राहिल्या की उवा होतात असं कारण देत, अशी आठवण वाचलेल्यांनी सांगितली आहे.

दुसऱ्या दिवशी पुरायला धड माणसंच नव्हती, पुरुष एकतर मेलेले, जखमी किंवा पळालेले, आणि टोळी परत येईल ही धास्ती. वेगवेगळ्या कबरी खणणार कोण? म्हणून फळीवरून एकेक प्रेत आणून विहिरीत सोडलं, वरून गवत नि माती. सार्डियसची पाळी आली तेव्हा उचलणाऱ्या जोसेफ यंगचा धीर सुटला, या पोराला असं टाकणं मला जमणार नाही म्हणाला. शेवटी त्याची आई अमांडा आणि मोठा भाऊ विलर्ड यांनीच त्याला खाली ठेवलं. तिचा नवराही त्याच लोहारखान्यात मेला होता आणि तिसऱ्या पोराचा खुबा गोळीने उडालेला, त्यामुळे तिला तिथून हलताही येईना, काही महिने ती त्या विहिरीच्या शेजारीच राहिली.

१८३९ च्या सुरुवातीला मॉर्मन शेजारच्या इलिनॉय राज्याकडे निघाले, वस्ती ओस पडली, पुढे पाणचक्कीही गेली. या खुनांसाठी कुणावरही खटला चालला नाही. बॉग्जचा हुकूम कागदोपत्री रद्द झाला तो थेट १९७६ साली, गव्हर्नर ख्रिस्तोफर बाँडच्या हातून.

खरी गंमत (गंमत म्हणवत नाही, पण) पुढे आहे. १८८७ च्या सुमारास चक्कीतलंच एक जुनं जातं विहिरीच्या जागी खूण म्हणून ठेवलं होतं, नंतर ते उचलून जवळच्या ब्रेकनरिज गावातल्या बागेत नेलं. जातं सुरक्षित राहिलं पण खूण हलली, आणि आता विहीर नेमकी कुठे ते कुणी छातीठोक सांगू शकत नाही. फार वेस्टच्या कब्रस्तानाचीही तीच गत, लोक गेल्यावर तिथे शेती झाली आणि कबरी दिसेनाशा झाल्या.

हॉन्स मिलची जागा बरीच वर्षं कम्युनिटी ऑफ ख्राइस्ट या मॉर्मनांतूनच फुटलेल्या पंथाकडे होती, २०१२ मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या मुख्य चर्चने ती विकत घेतली. बघायला म्हणाल तर ओढा, गवताचं मोकळं रान आणि माहितीचा फलक. खडीच्या रस्त्याने जावं लागतं.