कॅम्पिलोबॅक्टर संसर्ग

कॅम्पिलोबॅक्टर या प्रजातीतील सर्पिल, ग्रॅम-ऋण (ग्रॅम रंजनपद्धतीत जांभळा रंग न टिकवणाऱ्या) जीवाणूंमुळे माणसाला होणारा, मुख्यतः आतड्याचा रोग. बहुतेक रुग्णांत कॅ. जेजुनाय आणि त्याखालोखाल कॅ. कोलाय ही जाती आढळते. मेंढ्या व गुरांत गर्भपात घडवणारी कॅ. फीटस ही जाती माणसात क्वचितच, आणि तीही प्रायः प्रतिकारशक्ती खालावलेल्यांच्या रक्तात सापडते.

अतिसाराने दगावलेल्या अर्भकांच्या आतड्यांत असे सर्पिल जीवाणू बालरोगतज्ज्ञ टेओडोर एशेरिख यांनी १८८६ मध्येच पाहिले होते, परंतु ते प्रयोगशाळेत वाढवता आले नाहीत. ही प्रजाती १९६३ मध्ये व्हिब्रिओ (कॉलऱ्याचा जीवाणू ज्या प्रजातीत मोडतो ती) या प्रजातीपासून वेगळी काढण्यात आली. पुढे १९७२ मध्ये ब्रुसेल्स येथे रुग्णांच्या शौचातून हे जीवाणू गाळून अलग करण्यात आले आणि १९७७ मध्ये इंग्लंडमध्ये सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ स्किरो यांनी त्यांच्यासाठी खास संवर्धन माध्यम वापरून दाखवले. त्यानंतरच हा किती सर्रास आढळणारा रोग आहे, हे ध्यानात आले.

हा जीवाणू विलक्षण नाजूक आहे. त्याला हवेतील प्राणवायूचे नेहमीचे प्रमाण सोसत नाही, ३०° से. खाली त्याची वाढ होत नाही, आणि कोरडेपणा, क्लोरीन व शिजवण्याची उष्णता यांनी तो सहज मरतो. उघड्यावर राहिलेल्या अन्नात तो साल्मोनेला या अन्नविषबाधा करणाऱ्या जीवाणूप्रमाणे वाढत बसत नाही. तरीही तो रोग पसरवू शकतो, कारण संसर्गाला फार थोडे जीवाणू पुरतात: १९८१ मध्ये एका ब्रिटिश डॉक्टरने दुधातून सुमारे ५०० जीवाणू स्वतः गिळले आणि तो आजारी पडला. दूध जठरातील आम्लाची तीव्रता कमी करते, हेही येथे लक्षात घ्यावे; आम्लनाशक औषधे घेणाऱ्यांना धोका अधिक असतो तो याच कारणाने. कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४२° से. असते व या जीवाणूला तेच सर्वाधिक मानवते. कोंबडीच्या आतड्यात तो प्रचंड संख्येने, बहुधा तिला काही न होता राहतो. कच्च्या मांसाचे पाणी लागलेल्या सुरीने वा फळीवर कोशिंबीर चिरली, तरी संसर्गाला तेवढे पुरे होते. कच्चे दूध आणि दूषित पाणी हे इतर मार्ग होत.

जठर पार केलेले जीवाणू लहान आतड्याच्या अखेरच्या भागात व बृहदांत्रात ठाण मांडतात. त्यांच्या टोकांना कशाभिका, म्हणजे हालचालीसाठीचे चाबकासारखे तंतू, असतात. त्या आणि सर्पिल देह यांच्या बळावर ते चिकट श्लेष्म्यातून बुचाच्या स्क्रूप्रमाणे पुढे सरकतात. श्लेष्म्यातील घटकांच्या रासायनिक खुणांवरून त्यांना दिशा मिळते. आतड्याच्या अस्तरपेशी एकमेकींशी ज्या प्रथिनांनी जोडलेल्या असतात, ती प्रथिने हे जीवाणू एका विकराने (एंझाइमने) तोडतात व पेशींच्या मधून खालच्या बाजूला उतरतात. तेथील फायब्रोनेक्टिन या प्रथिनाला चिकटून ते पेशीत शिरतात. कशाभिका बांधण्याची जी यंत्रणा असते, तिच्यातूनच ते काही प्रथिने पेशीत सोडतात आणि तिला आत घेण्यास भाग पाडतात. कशाभिकेच्या प्रथिनाची रचना अशी बदललेली असते, की आतड्याच्या संरक्षक पेशींवरील एका नेहमीच्या ग्राहीला (जीवाणू ओळखणाऱ्या प्रथिनाला) ते ओळखता येत नाही.

तथापि कॉलऱ्याप्रमाणे एखाद्या विषाने हा रोग समजावून देता येत नाही. सन २००० मध्ये कॅ. जेजुनायचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला, तेव्हाही तसे ठळक आंत्रविष त्यात दिसले नाही. पेशीच्या डीएनएला इजा करून तिचे विभाजन रोखणारे एक विष त्याच्याकडे आहे, परंतु ते नसलेले वाणही रुग्णांत सापडतात. त्यामुळे हानीचा मोठा वाटा शरीराच्या स्वतःच्या दाहप्रतिक्रियेकडे जातो, असे मानणेच सयुक्तिक ठरते. श्वेतपेशी मोठ्या संख्येने धावून येतात, अस्तर झडते, शोषण बिघडते आणि जुलाबात रक्त दिसू लागते.

लक्षणे साधारणतः २ ते ५ दिवसांत सुरू होतात: ताप, पोटात तीव्र कळा, जुलाब. कधी वेदना इतकी उजवीकडे केंद्रित होते, की ॲपेंडिक्सचा दाह असल्याचा भास होतो. आठवड्याभरात रुग्ण बहुधा बरा होतो, परंतु शौचातून जीवाणू काही आठवडे बाहेर पडत राहतात. संसर्ग सतत होत असलेल्या प्रदेशांत हा मुख्यतः दोन वर्षांखालील मुलांचा रोग असतो व जुलाब पाण्यासारखे असतात. मोठ्या वयाच्या माणसांत लक्षणे दिसतीलच असे नसते.

या जीवाणूच्या बाह्य आवरणातील काही शर्करांची रचना चेतातंतूंवरील गँग्लिओसाइड या घटकांशी मिळतीजुळती असते. जीवाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे मग चेतातंतूंवरही हल्ला करतात आणि जुलाबानंतर साधारण १ ते ३ आठवड्यांनी पायांतून वर चढणारा अशक्तपणा, म्हणजे गिलन-बारे लक्षणसमूह, उद्भवतो. सुमारे हजार रुग्णांत एकाला असे होते. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यातील सिंहगड रस्ता परिसरात नांदेड गाव, किरकटवाडी आणि धायरी येथे या विकाराचे रुग्ण अचानक वाढले. संशयितांची संख्या पुढे दोनशेवर गेली. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने तपासलेल्या काही शौचनमुन्यांत कॅ. जेजुनाय सापडला आणि संशय पिण्याच्या पाण्याकडे वळला.

उपचारात जलसंजीवनी पुरेशी ठरते. आजार तीव्र असल्यास ॲझिथ्रोमायसिन देतात. सिप्रोफ्लॉक्सासिनला प्रतिरोध निर्माण व्हायला एका जनुकातील एकच बदल पुरतो, आणि हा प्रतिरोध आता व्यापक आहे. अमेरिकेने याच गटातील एन्रोफ्लॉक्सासिन २००५ मध्ये कोंबड्यांसाठी बंद केले. न्यूझीलंडमध्ये २००६ नंतर कोंबडी-उद्योगावर काटेकोर मर्यादा लादल्या गेल्या, तेव्हा दोन वर्षांत नोंदलेले रुग्ण निम्म्यावर आले. त्याच काळात गिलन-बारेसाठी रुग्णालयात दाखल होणाऱ्यांची संख्याही घटली.